फळाही कधीकाळी नवाच होता

माझी सूनबाई कॉलेजात गणित शिकवते. 'स्मार्ट बोर्ड'चं प्रशिक्षण तिने दोनदा टाळलं, तेव्हा मी तिला चार शब्द ऐकवले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हीच बाई डब्यांच्या चळतीवर मोबाईल टेकवून वहीतली गणितं मुलांना दाखवू लागली!

मला फळ्याची गोष्ट आठवली. आपल्याला वाटतं, फळा अनादिकाळापासून आहे. पण अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत तो आला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. नेपोलियनच्या तोफखान्यातले क्लोद क्रोझे १८१६ साली तिथे शिकवायला आले. विषय वर्णनात्मक भूमिती. इंग्रजीत पुस्तक नाही, त्यांची स्वतःची भाषा फ्रेंच. आकृती तोंडाने सांगायची तरी कशी? म्हणून त्यांनी फळा धरला. पुस्तक त्यांनी नंतर, १८२१ मध्ये लिहिलं.

येल कॉलेजात १८३० साली वेगळंच झालं. शांकवांच्या आकृत्या पुस्तकात न बघता फळ्यावर काढायच्या, असा नियम आला. मुलांनी साफ नकार दिला आणि चाळीसहून अधिक मुलांना कॉलेजातून काढून टाकण्यात आलं. शिक्षकांना फळा सोयीचा होता, कारण कुणाला समजलंय आणि कुणाला नाही, ते लगेच दिसायचं. मुलांना तेच नको होतं!

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर लागू लागले. चांगले असायचे, मी बघत असे. पण वेळ दूरदर्शनची, भाषा इंग्रजी आणि मध्येच थांबवून "समजलं का रे?" विचारायची सोय नाही. प्राध्यापकाच्या हातात त्यात काय होतं?

म्हणजे गरज हवी आणि सूत्रं आपल्या हातात हवीत. मग शिक्षक शिकतो.

आता माझंच सांगते. आमच्या शाळेत स्लाइड प्रोजेक्टर होता, अजिंठ्याच्या स्लाइड्सही होत्या. किल्ली मुख्याध्यापकांकडे. "मोडला तर भरून कोण देणार?" या धाकाने मी तो कधी मागितलाच नाही. वर्षानुवर्षं मुलांनी अजिंठ्याचे रंग माझ्या तोंडून फक्त ऐकले.

सूनबाईला बोलले, ते आता परत घ्यायला हवं. असो. तुमच्या शाळेच्या कपाटात काय कुलूपबंद होतं?