खडावा आणि उंबरठा

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट जिल्हा १८६७ साली अस्तित्वात आला. १९५६ पर्यंत नागपूर हीच त्याची राजधानी होती. त्यामुळे विदर्भातील मराठी घरांचे रीतिरिवाज येथील मराठी कुटुंबांतही रुजले. या घरांतील एक जुने पादत्राण म्हणजे खडावा.

लाकडाचा तळवा आणि अंगठ्यालगत एक खुंटी, एवढीच त्यांची रचना. पट्टा नाही, शिवण नाही. खुंटी बोटांच्या चिमटीत घट्ट धरावी तरच त्या पायात टिकतात. म्हणून चाल आपोआप संथ होते, आणि खटखट आवाजाने वडीलधाऱ्यांची चाहूल आधीच लागते. खडावा घालीत ते संन्यासी, भिक्षुक, पूजेला बसणारे यजमान. स्त्रिया आणि गडीमाणसे बहुधा अनवाणीच वावरत.

पण लाकूडच का? चामडे सोवळ्यात चालत नसे. वहाणा उंबरठ्याबाहेर काढाव्या लागत. सुताराने घडविलेल्या खडावा मात्र आत चालत. आणि बाभळीची साल व हिरडा यांनी कातडे कमावून वहाण शिवणारा चर्मकार? वहाणेप्रमाणे तोही बाहेरच उभा राही.

हा नियम खरोखर चामड्याचा होता काय? देवळातील मृदंग चामड्यानेच मढविलेला असे. जपाचे आसन मृगाजिनाचे असे. त्यांचा विटाळ कोणी मानला नाही. म्हणजे चामडे हे निमित्त होते. दूर ठेवायचा होता तो माणूस. ज्या समाजाने भरताने सिंहासनावर ठेविलेल्या पादुकांची कथा भक्तीने ऐकली, त्यानेच पादत्राणे करणाऱ्याला अंगणात थांबविले.

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले. १९५५ साली तिचे आचरण करणाऱ्यास शिक्षा देणारा कायदाही झाला. पुढे रबरी चपला घरोघर आल्या आणि खडावा मठांत व संग्रहालयांत उरल्या. रबरी चप्पल कारखान्यात कोणाच्या हातून उतरली, हे ती घालून माजघरात फिरणारा कोणालाही विचारीत नाही.

पादत्राणाने उंबरठा ओलांडला. ते करणाऱ्या माणसालाही तो तितक्याच सहजपणे ओलांडता येतो की नाही, हे ज्याने त्याने आपल्याच दाराशी पाहावे.