आप्पांच्या डायऱ्या

मागच्या वेळी पाणी गाळायच्या फडक्यावर लिहिलं, तेव्हा आमच्या आप्पांच्या कडक नेमांबद्दल बऱ्याच जणींनी विचारलं होतं. ते नेम कुठून आले हे मला आप्पा गेल्यावर कळलं. लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले. भाऊ म्हणाला, "कशाला उकरतेस?" तरी लिहिते आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मात्र घालणार नाही.

आप्पा २०११ मध्ये गेले, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊन. जुनं घर उतरवायचं ठरलं तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत एकावर एक रचलेल्या डायऱ्या, १९४७ पासूनच्या. मजुरी, पेंड, मोटेची दुरुस्ती, पाऊस किती, उसाला पाणी कधी दिलं. मी पहिल्या दहा-बारा नुसत्या चाळल्या. पण दरवर्षी एका दिवशी हिशेबाच्या खाली एक ओळ होती. "क्षमावाणी. त्यांना सोडून सर्वांची मागितली." पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

"त्यांना" म्हणजे कोणाला, हे १९५५ च्या डायरीत सापडलं.

त्या वर्षी आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली होती. १८ सप्टेंबरला त्यांचं समाधिमरण झालं. त्याआधी दर्शनाला गावोगावचे लोक लोटले होते, तसे आप्पाही गेले. परत आल्यावर त्यांनी लिहिलं आहे, "सांगायचे ठरवून गेलो. गर्दी फार. आणि माझाच धीर झाला नाही." त्याखाली चार पानं न थांबता.

ती पानं समजायला तो काळ थोडा सांगायला हवा. आपल्या वाळवा-तासगाव भागाला तेव्हा सांगली जिल्हा म्हणत नसत, सगळा सातारा जिल्हाच. १९४२ च्या ऑगस्टनंतर तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावात कचेरीवर तिरंगा लागला, ९ तारखेला वडूजला गोळीबार झाला आणि माणसं मेली. मग बरेच कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडलला जी. डी. बापू लाडांची तुफान सेना होती. गावातले तंटे तिथल्या तिथे मिटायचे, थोड्या खर्चातली गांधी लग्नं लागायची, दारूला बंदी. दरोडेखोरांना शिक्षा व्हायची, बायकोला छळणाऱ्यालाही. माझी आजी सांगायची की पोलीस पाटलापुढे जी बाई कधी तोंड उघडणार नाही ती त्यांच्यापुढे गाऱ्हाणं घालायची. हे खोटं नाही आणि लहानही नाही.

पण शिक्षा होती तळपायावर काठीचे फटके. त्यावरून लोक त्याला पत्री सरकार म्हणायला लागले. पायाला नाल ठोकतात अशी आवई होती. प्रत्यक्षात पाय बांधून फटके मारत. खबऱ्यांनाही हीच शिक्षा होती.

आमच्या घरी सूर्यास्तानंतर चूल पेटत नसे. त्याच घरात आजी मध्यरात्री उठून भूमिगतांसाठी भाकऱ्या थापायची आणि दिव्यावर किडा येऊ नये म्हणून कंदिलाला फडकं गुंडाळायची. हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकलेलं. आप्पा त्या भाकऱ्या उसात पोचवायचे, हेही ऐकलेलं. त्यापुढचं कोणी सांगितलं नव्हतं.

१९४४ च्या उन्हाळ्यात उसात लपलेले दोघं पकडले गेले. संशय शेजारच्या गावच्या एका माणसावर गेला. त्याला रात्री नदीकाठी आणलं. आप्पा तेव्हा एकवीस वर्षांचे. मारणारे दुसरे होते. आप्पांनी त्याचे पाय धरले होते. डायरीत लिहिलंय, "मी मारले नाही असे पुष्कळ दिवस मनाशी म्हणत होतो." पुढे १९४६ मध्ये वॉरंटं उठली, भूमिगत माणसं उजेडात आली, तेव्हा बोलता बोलता कळलं की खबर दिलेला माणूस वेगळाच होता.

आपल्याकडे श्रावकाला हिंसेचे चार प्रकार शिकवतात. आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. घर चालवताना आणि धंद्यात होणारी टळत नाही, अंगावर आलेल्याशी लढताना होणारीही श्रावकाला सर्वस्वी टाळता येत नाही. ठरवून केलेली मात्र सोडायचीच. आप्पांनी स्वतःला विरोधीत बसवून पाहिलं आहे. देशासाठी होतं, शत्रूच्या हस्तकाविरुद्ध होतं. मग एकच वाक्य, "हात बांधलेला माणूस विरोधी कसा?" आणि पान संपतं.

मला ते वाचून रडू आलं नाही, रागच आला. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झाली. लोक घरी येऊन म्हणाले, अर्ज करा, आम्ही साक्ष देतो. आप्पांनी केला नाही. का, ते आईला कधी सांगितलं नाही. भावाच्या शिक्षणाला तिने पाटल्या मोडल्या. पाणी दोनदा गाळलं नाही तर आप्पा ताटावरून उठायचे, आणि ती बिचारी आपलंच चुकलं म्हणून उपाशी राहायची. त्यांच्या प्रायश्चित्ताचा अर्धा भार तिने वाहिला, आणि तो कशाचा हे तिला ठाऊकही नव्हतं. आता तीही नाही.

हिशेबात आणखी एक नोंद दर फाल्गुनात होती. "शाळू एक पोते, पलीकडे." आईला वाटायचं आजोबांचं जुनं देणं असेल. आत्या अजून आहे, तिला विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्यो माणूस पुढं काठी टेकूनच चालायचा. आप्पा त्या वाटंनं कधी गेला न्हाई."

मागच्या क्षमावाणीला मी त्या घरी गेले. ते गृहस्थ आप्पांच्या आधीच वारलेले. सून भेटली, साधारण माझ्याच वयाची. मी कोणाची मुलगी ते सांगितल्यावर तिने सोप्यात घोंगडं अंथरलं, सूर्य मावळायच्या आत चहा करते म्हणाली. मी सगळं सांगितलं. सांगताना जीभ जड झाली होती. ती म्हणाली, "मामंजी तर म्हनायचे, बैलगाडीवरनं पडलो." शाळू त्यांना खंडाचा वाटायचा, कधीतरी आमच्याकडे त्यांची जमीन असेल म्हणून. मामंजींनी ते पोतं कधी परत पाठवलं नाही आणि घरात कोणाला काही विचारूही दिलं नाही.

त्यांना ठाऊक असेल का, असं मी विचारलं. तिने चहा पुढे केला आणि म्हणाली, "पाय कुनी धरलं ते मानसाला म्हाईत नसतंय व्हय?"

उठताना मी हात जोडले, उत्तम क्षमा म्हटलं. ती आपल्या धर्माची नाही, तिला शब्द कळला नसेल, तिनेही हात जोडले. दारापर्यंत आली आणि जरा संकोचून म्हणाली, आप्पा गेल्यापासून पोतं आलं नाही, आम्हाला वाटलं वाटण्या झाल्या असतील.

भावाला अजून हे सगळं पटलेलं नाही. पण यंदा शाळू बरा आहे. फाल्गुनात निघाला की एक पोतं बाजूला काढायचं त्याने कबूल केलंय. ते घेऊन मीच जाणार आहे.