आधी चौकट, मग पिशवी

गिर्यारोहकाच्या पाठीवरचं ओझं रोज थोडं हलकं होतं. शिधा संपतो, इंधन जळतं. शिकाऱ्याचं बरोबर उलटं. जाताना तंबू, अंथरूण-पांघरूण आणि चार-पाच दिवसांचं खाणं एवढंच असतं. नेम लागला की मात्र खरं ओझं सुरू होतं. अलास्कातला मोठा नर मूस, म्हणजे आपल्या सांबरापेक्षा कितीतरी दांडगा हरणांचा जातभाई, पडला तर त्याचं मांसच 225 किलोच्या आसपास भरतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं तिथे गुन्हा आहे. एका खेपेला 35–40 किलो नेलं तरी सहाएक खेपा होतात, त्याही पायवाट नसलेल्या दलदलीतून.

तरीही शिकारीसाठी मोठी सॅक घ्यायला गेलेला माणूस आधी विचारतो, किती लिटरची? सत्तर की शंभर? या सॅकचं कूळ पाहिलं तर पिशवी नंतर आली आणि चौकट आधी. आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सापडलेला ओट्झी नावाच्या माणसाचा देह सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा. धनुष्य आणि बाणांचा भाता बाळगणाऱ्या या माणसाजवळ हेझलची वाकवलेली लांब काठी आणि लार्चच्या दोन फळ्या मिळाल्या. ती पाठीवर ओझं बांधायची चौकट असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आधुनिक शाखा नॉर्वेत फुटली. ओले बर्गन हा तिथलाच माणूस. 1908 साली शिकारीला गेला असताना पाठीवरच्या बेढब थैल्याला वैतागला आणि जुनिपरची फांदी पाठीच्या आकारात वाकवून त्याने ती थैल्याला बसवली, असं सांगतात. पुढे फांदीच्या जागी लोखंडी नळी आली आणि 1909 मध्ये पेटंट मिळालं. ब्रिटिश सैनिक आजही आपल्या पाठीवरच्या मोठ्या सॅकला ‘बर्गन’च म्हणतात.

मला मात्र या घराण्यातला खरा शहाणा वाटतो तो लॉइड नेल्सन. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनचा हा गृहस्थ 1920 च्या सुमारास अलास्कात गेला. तिथल्या आदिवासीकडून त्याने काठ्यांवर सीलचं कातडं ताणून केलेली पाठफळी उसनी घेतली. ती पाठीला काचत होती, पण कल्पना त्याच्या डोक्यात बसली. घरी येऊन त्याने लाकडी चौकट केली आणि तिच्यावर जाड कॅनव्हास ताणून बांधला. लाकूड पाठीला टेकतच नव्हतं, टेकत होतं ते कापड. पिशवी वेगळी, ती काढता येई. पिशवी उतरवा आणि त्याच चौकटीवर हरणाची मांडी बांधा. 1924 मध्ये पेटंट मिळालेली ही ‘ट्रॅपर नेल्सन’ शिकारी, वनखात्याची माणसं, बालवीर अशा सगळ्यांच्या पाठीवर दिसू लागली.

तिच्यात एक उणीव होती: सगळा भार खांद्यांवर. सिएरा पर्वतात भटकताना डिक केल्टी आणि त्याच्या मित्राच्या लक्षात आलं, की चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोवली तर खांदे मोकळे होतात. त्या खिशांचाच पुढे कंबरपट्टा झाला. 1952 पासून केल्टी कॅलिफोर्नियात, घरच्या घरी, ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक बनवून विकू लागला. आपल्याकडे कायद्याने शिकार थांबली, पण हरिश्चंद्रगडाला निघालेल्या पोरांच्या सॅकचा कंबरपट्टा याच कुळातला. कित्येकजण तो लोंबता ठेवून चालतात आणि मग खांदे दुखतात म्हणून कुरकुरतात, ते वेगळं.

1967 मध्ये ग्रेग लो याने चौकट पिशवीच्या आत घातली. कड्यावर चढणाऱ्याला ती सोयीची, अंगाला चिकटून राहणारी. शिकाऱ्याची त्यात पंचाईत झाली. मांस ठेवायचं तर कपड्यांतच कोंबायचं, नाहीतर बाहेर लटकवायचं. बाहेर लटकलेलं ओझं माणसाला मागे ओढतं, मग तो कमरेत वाकून चालतो.

यावरचा तोडगा नेल्सनच्याच वळणाचा. अलीकडच्या शिकारी सॅकमध्ये, उदाहरणार्थ मोंटानात 2000 साली सुरू झालेल्या मिस्टरी रँचच्या, पिशवी चौकटीपासून सैल करून मागे सरकवता येते. मधल्या फटीत मांसाची थैली बसते आणि पट्टे आवळले की जड माल पाठीला भिडतो.

तेव्हा दुकानात गेल्यावर लिटर नंतर बघावेत. मानेच्या खालच्या टोकाला जे हाड हाताला लागतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत पाठ मोजून घ्यावी. चौकट त्या मापाची हवी, माणसाच्या उंचीची नव्हे. मग दुकानदाराकडून वाळूच्या पिशव्या मागून 30 किलो भरावेत, कंबरपट्टा आवळावा आणि खांद्याचे पट्टे थोडे ढिले करून पाहावेत. पट्टा घसरला किंवा चौकट लवली तर ती सॅक कितीही देखणी असली तरी परत ठेवावी. फट उघडून तिच्यात भरलेली पिशवी बसते का, हेही तिथेच करून पाहावं. राहिली शिंगं. अलास्कात मूसची शिंगं मांसाच्या आधी हलवता येत नाहीत, ती शेवटच्या खेपेबरोबरच निघतात. त्यामुळे ती बांधायला बाहेरच्या बाजूने दोन-तीन दणकट पट्टे असले की पुरे.