माती तपासणीची बाटली नीट धुतली नाही, तर खताचा हिशोब कसा चुकतो?

वाशिम म्हणजे सोयाबीनचा जिल्हा. पेरणीआधी माती तपासून घ्या आणि मगच खत टाका, असं शेतकऱ्याला दरवर्षी सांगितलं जातं. 2015 साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत तर 12 घटकांची नोंद असते. पण हे आकडे ज्या बाटलीत तयार होतात, ती बाटलीच अस्वच्छ असेल तर?

शेकर काय करतो?

मातीतलं अन्नद्रव्य मोजायचं, तर आधी ते द्रावणात उतरवावं लागतं. त्यासाठी माती आणि रसायन बाटलीत भरून शेकर नावाच्या यंत्रावर हलवतात. काळ्या, अल्कधर्मी जमिनीतला स्फुरद मोजायला ओल्सेन पद्धत वापरतात. तिच्यात 2.5 ग्रॅम माती आणि 50 मिलिलिटर सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण 30 मिनिटं हलवलं जातं.

किती घाण पुरते?

अनेक धुण्याच्या पावडरींमध्ये फॉस्फेट असतं, म्हणजेच स्फुरद. समजा, बाटलीत फक्त 5 मायक्रोग्रॅम स्फुरद चिकटून राहिला. हा एका ग्रॅमचा दोन लाखावा भाग, डोळ्यांना दिसणारही नाही. पण हिशोबात तो हेक्टरी साधारण 4.5 किलो होतो! म्हणजे 7 किलोची जमीन कागदावर 11.5 किलोची दिसते. हेक्टरी 10 किलोच्या खाली स्फुरद 'कमी' धरतात, त्यामुळे ही जमीन थेट 'मध्यम' गटात जाते. शेतकरी खत कमी टाकतो आणि फटका पिकाला बसतो.

जस्ताचंही तसंच. रबरी बुचातून जस्त द्रावणात उतरतं, म्हणून त्या चाचणीच्या बाटल्यांना रबरी बूच लावत नाहीत.

धुण्याची योग्य पद्धत

1. माती वाळण्याआधी बाटली रिकामी करून नळाच्या पाण्याने विसळा.
2. फॉस्फेट नसलेला साबण आणि ब्रश वापरा. बुचाच्या आट्या विसरू नका.
3. साबण पूर्ण निघाल्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच.
4. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा विसळून बाटली उपडी ठेवा.

शेकर पुसताना आधी प्लग काढा. पाणी थेट यंत्रावर मारू नका, ओलसर फडक्याने पुसा. बाटल्या धरणाऱ्या पकडींखाली सांडलेलं द्रावण वाळून बसतं, तिथे खास लक्ष द्या.

मग निर्जंतुक कधी करायचं?

स्वच्छ करणं म्हणजे मळ आणि रसायन काढणं. निर्जंतुक करणं म्हणजे जिवाणू मारणं. स्फुरदाच्या चाचणीला पहिलं पुरतं. पण सोयाबीनच्या बियाण्याला लावायचं रायझोबियम जिथे वाढवतात, त्या प्रयोगशाळेत दोन्ही लागतं. कारण शेकरवरच्या फ्लास्कमध्ये दुसरा जिवाणू शिरला, तर पाकिटात भलतंच काहीतरी जातं.

तिथे धुतलेले फ्लास्क पोषक द्रावण भरून ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअसला किमान 15 मिनिटं ठेवतात. यंत्राचा पृष्ठभाग 70 टक्के अल्कोहोलने पुसतात. शुद्ध अल्कोहोल झटकन उडून जातं. पाणी मिसळलेलं जास्त वेळ टिकतं आणि जिवाणूंवर जास्त परिणाम करतं. मात्र ते पेट घेतं, म्हणून यंत्र बंद आणि थंड असावं.

जिवाणूंचं द्रावण सांडलं, तर आधी कागदाने टिपून घ्या. मग 0.5 टक्के हायपोक्लोराइट ओतून 10 मिनिटं थांबा. त्यानंतर साध्या पाण्याने पुसा, नाहीतर धातू गंजतो. ब्लीच आणि आम्ल एकत्र कधीच येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

बाटली स्वच्छ आहे हे कसं कळणार?

प्रत्येक खेपेत एका बाटलीत माती न घालता फक्त द्रावण हलवतात. याला ब्लँक म्हणतात. त्यात नेहमीपेक्षा जास्त स्फुरद दिसला, तर दोष मातीचा नाही; बाटली, पाणी किंवा रसायन तपासायला हवं. प्रयोगशाळेत गेलात, तर ब्लँक लावता का, हे जरूर विचारा.

आणि एक गोष्ट तुमच्याही हातात आहे. मातीचा नमुना खताच्या रिकाम्या गोणीत कधीच भरू नका. गोणीला चिकटलेलं खत नमुन्यात मिसळलं, तर पुढे प्रयोगशाळेने बाटली कितीही घासली तरी आकडा चुकणारच.