चुकलेल्या नकलेचा आवाज

आजचा विषय ऐकून काहींनी दारातच मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून गिटारच्या अँप्लिफायरवर?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं कारण घरातलंच आहे. माझ्या नातवाने वर्षभर पैसे साठवले आणि सुटे भाग आणून जुन्या धाटणीचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर स्वतः जोडला. त्याला एका विशिष्ट रेकॉर्डमधला गिटारचा आवाज हवा होता. सगळं नकाशाबरहुकूम झालं, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही ती रेकॉर्ड कॉलेजात असताना ऐकली आहे ना? मग सांगा, हा तोच आवाज आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही, हे सांगायला थोडा इतिहास लागतो.

ती रेकॉर्ड म्हणजे जॉन मेयॉल यांच्या 'ब्लूजब्रेकर्स'ची, १९६६ साली लंडनमध्ये डेक्का कंपनीने काढलेली. गिटारवर एरिक क्लॅप्टन, वय वर्षं एकवीस. आवाज जाड, भरलेला. स्वर छेडला की लगेच विरत नाही, व्हायोलिनसारखा टिकतो आणि कडेला किंचित फाटतो. रॉक गिटारचा म्हणून जो आवाज आज आपण ओळखतो, त्याचा एक मोठा उगम या रेकॉर्डमध्ये आहे.

आता हा आवाज आला कुठून? पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. मार्शल मूळचे ड्रम वाजवणारे, ड्रमचे शिक्षक. दुकानात येणाऱ्या तरुण गिटारवाल्यांना अमेरिकन फेंडरचे अँप्लिफायर हवे असायचे, पण ते इंग्लंडमध्ये फार महाग पडत. मग १९६२ मध्ये दुकानातले दुरुस्तीचं काम पाहणारे केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण तंत्रज्ञ यांनी फेंडरच्या 'बेसमन' या अँप्लिफायरचा आराखडा समोर ठेवला आणि जवळपास तसाच बनवला. तोच मार्शलचा 'जेटीएम ४५'. सरळ बोलायचं तर नक्कल!

पण नक्कल करताना हाताशी असेल तेच वापरावं लागतं. बेसमनमध्ये पहिला व्हॉल्व्ह होता १२एवाय७, त्याचा वर्धनांक सुमारे ४४. मार्शलवाल्यांनी त्या जागी ईसीसी८३ लावला, त्याचा १००. म्हणजे आत शिरतानाच सिग्नल कितीतरी जास्त फुगतो. फेंडरचे स्पीकर दहा इंची, चार, मागून उघड्या पेटीत. मार्शलने बारा इंची सेलेस्टियन घेतले, तेही चार, पण पेटी मागून बंद. शेवटच्या टप्प्यात शक्ती देणारे अमेरिकन व्हॉल्व्ह महाग, म्हणून पुढे तिथे ब्रिटिश केटी६६ आले. प्रत्येक बदल छोटा आणि व्यवहाराच्या सोयीचा. सगळे मिळून मात्र आवाज वेगळा झाला.

व्हॉल्व्हचा रेडिओ आपल्यापैकी अनेकांच्या घरी होता. लावल्यावर तो तापेपर्यंत वाट पाहावी लागायची. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, मधली जाळी त्यांना अडवते किंवा जाऊ देते, आणि छोट्या सिग्नलचा मोठा सिग्नल होतो. व्हॉल्व्हच्या कुवतीपलीकडे मागणी केली की लाटेची टोकं चपटी होतात. ती एकदम कापली जात नाहीत, हळूहळू गोलावत जातात, आणि मूळ स्वरात नसलेले वरचे स्वरांश त्यात मिसळतात. वीज पुरवणारा रेक्टिफायरसुद्धा व्हॉल्व्हचाच असला, तर जोरात छेडल्यावर व्होल्टेज क्षणभर खचतं आणि परत सावरतं. त्यामुळे स्वर आधी दबतो, मग फुलतो.

इंजिनिअरच्या भाषेत हा दोष आहे, डिस्टॉर्शन. गंमत बघा, याच केटी६६ व्हॉल्व्हवर १९४७ साली विल्यमसन यांनी आपला प्रसिद्ध हाय-फाय अँप्लिफायर रचला होता, आणि त्याचा उद्देश दोष जवळजवळ शून्यावर आणणं हा होता. शुद्धतेसाठी नावाजलेला व्हॉल्व्ह वीस वर्षांच्या आत अशुद्धतेसाठी प्रसिद्ध झाला. आपल्याला यात फार नवल वाटू नये. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सारून आपण जवारी लावतो, ती याच वृत्तीने. निव्वळ शुद्ध तार आपल्या कानाला कोरडी वाटते.

आता ध्वनिमुद्रणाकडे येऊ. क्लॅप्टनकडे मार्शलचा दोन स्पीकरवाला अँप्लिफायर होता, मॉडेल क्रमांक १९६२. हा क्रमांक आहे बरं का, साल नव्हे. यावरून फार गोंधळ होतो. गिटार गिब्सनची लेस पॉल. तिच्या दुहेरी वेटोळ्यांच्या पिकअपमधून जोरकस सिग्नल येतो. त्या काळी स्टुडिओत गिटारवाल्याने आवाज खाली ठेवायचा, हा शिष्टाचार होता. क्लॅप्टनने तो मानला नाही. जलशात वाजवतो तितक्याच जोराने वाजवीन, असा त्याचा हट्ट. ध्वनिमुद्रक गस डजन यांना ते पटणं कठीण होतं, पण निर्माते माइक व्हर्नन यांनी ते होऊ दिलं.

हा हट्ट लहरी नव्हता. अँप्लिफायर पूर्ण ताणल्याशिवाय तो आवाज निघतच नाही. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचा कागदी शंकू, सगळे एकदम कुवतीच्या टोकाला गेले पाहिजेत.

आणि क्लॅप्टन तरी काय करत होता? त्याचं दैवत होता फ्रेडी किंग, टेक्ससमध्ये जन्मलेला आणि शिकागोत घडलेला कृष्णवर्णीय गिटारवादक. त्याच्या हातात लेस पॉल पाहून क्लॅप्टनने लेस पॉल घेतली. या रेकॉर्डवर फ्रेडी किंगचं 'हाइडअवे' आहेच. म्हणजे दुकानदार फेंडरची नक्कल करत होते आणि वादक फ्रेडी किंगची. दोघांचीही हुबेहूब झाली नाही. ज्याला आज आपण अस्सल म्हणतो, तो आवाज या दोन चुकलेल्या नकलांमधून जन्माला आला.

इथे माझा विषय सुरू होतो. नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञाने १९६८ मध्ये एक भेद मांडला. चित्राची नक्कल ही नक्कलच राहते, कारण त्याच्या उत्पत्तीचा इतिहास महत्त्वाचा असतो. लिहून ठेवलेल्या संगीताचं तसं नाही, स्वरलिपीप्रमाणे वाजवलेला प्रत्येक प्रयोग अस्सल. मग अँप्लिफायरचा 'टोन' कशात बसतो? नकाशा उपलब्ध आहे, म्हणजे तो स्वरलिपीसारखा. पण क्लॅप्टनची ती गिटार १९६६ मध्येच चोरीला गेली. जुने ब्रिटिश केटी६६ आता बनत नाहीत, दुसऱ्या देशांत बनलेले घ्यावे लागतात. त्या स्टुडिओतली ती दुपार तर कोणत्याच दुकानात मिळत नाही. या बाजूने पाहिलं तर तो चित्रासारखा.

न्याय-वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण म्हटलं आहे, ढोलाचा नव्हे. भौतिकशास्त्र म्हणून आज ते कुणी स्वीकारणार नाही. पण त्या निमित्ताने एक प्रश्न विचारता येतो: आवाज वस्तूत शोधायचा की वस्तूभोवतीच्या अवकाशात? नातवाची अडचण नेमकी हीच आहे. त्याचा अँप्लिफायर पूर्ण आवाजात लावला की वरच्या मजल्यावरून फोन येतो. मग त्याने अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये अॅटेन्युएटर बसवला. तो जास्तीची शक्ती उष्णतेत जिरवतो. व्हॉल्व्ह ताणले जातात, शेजारी सुखी राहतात. पण स्पीकर ताणला जात नाही. शिवाय आपला कान हळू आवाजात खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. म्हणजे अगदी तोच आवाज हळू केला, तरी कानाला तो तोच राहत नाही.

आणि माझं काय? ती रेकॉर्ड मी पुण्यात होस्टेलच्या खोलीत ऐकली, मित्राच्या छोट्या रेकॉर्ड प्लेअरवर. सुई झिजलेली, स्पीकर मुठीएवढा. माझ्या कानात जो 'मूळ' आवाज पन्नास वर्षं बसला आहे, त्यात लंडनचा स्टुडिओ किती आणि ती झिजलेली सुई किती, हे मला सांगता येत नाही. म्हणून नातवापुढे साक्षीदार म्हणून उभं राहायला मी नालायक ठरलो. त्याला तसं सांगितलं, तर तो थोडा खट्टू झाला.

गेल्या महिन्यात त्याने शेजाऱ्यांकडून दुपारची वीस मिनिटं मागून घेतली आणि सगळं पूर्ण आवाजात लावलं. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. मध्येच एका जागी त्याचं बोट घसरलं आणि एक स्वर भलतीकडेच ओरडत गेला. मला तो फार आवडला. त्याला अजिबात नाही. तो म्हणतो, रेकॉर्डमध्ये तसं नाहीये. मी म्हणतो, म्हणूनच. आमचा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्याची बाजू अगदीच लंगडी आहे, असंही मला म्हणवत नाही. हुबेहूब करण्याची जिद्द धरल्याशिवाय चूकसुद्धा मोलाची होत नाही. मार्शलच्या दुकानातल्या माणसांनी वेगळं काही करायचं म्हणून सुरुवात केली नव्हती. त्यांना फेंडरच हवा होता.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या. फक्त एक विनंती: घरी कुणी असा अँप्लिफायर उघडणार असेल, तर बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असतात. ते आधी जाणकाराच्या देखरेखीखाली उतरवा. तत्त्वज्ञान नंतर करता येतं.