मरुभूमींतील पेठा : जेसलमेर व बिकानेर येथील वसाहतीचा विचार

जेथें वर्षाकाठीं फार तर दहाबारा इंच पाऊस पडतो, विहिरीचें पाणी शेंदोनशें हात खोल असतें व तेंही पुष्कळदां खारट निघतें, तेथें पेठ कशी वसते व व्यापारी तेथें कशाच्या आशेनें जातो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनीं अवश्य विचारांत घ्यावा असा आहे. पाणी आलें म्हणजे वस्ती होते आणि वस्ती झाली म्हणजे व्यापारी आपोआप येतो, असा सर्वसामान्य समज आहे. राजस्थानच्या वायव्य भागांतील दोन संस्थानांचा इतिहास पाहतां हा समज अर्धवट आहे, असें आमचें मत झालें आहे. तें सप्रमाण मांडावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. म्हैसूरचे पंडित शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केल्यापासून त्यांतील जनपदनिवेशाचें प्रकरण अभ्यासकांच्या परिचयाचें आहे. नवी वा ओसाड पडलेली भूमि वसवितांना राजानें परदेशांतून लोक आणावे किंवा आपल्याच राज्यांतील दाट वस्तींतून काढून तेथें बसवावे. त्यांना धान्य, गुरें व द्रव्य द्यावें, आणि तें त्यांनीं सवडीनें फेडावें, असें तेथें म्हटलें आहे. सूट व सवलत मात्र कोश वाढेल अशीच द्यावी, कोश खचेल अशी देऊं नये. याच प्रकरणांत व्यापारी मार्गांस पीडा देणारांची गणना आहे. तींत चोरांच्याही आधीं राजाच्या मर्जींतल्या माणसांचें नांव येतें, हें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या विधानाचा प्रत्यय जेसलमेरच्या इतिहासांत येतो. परंपरेप्रमाणें रावळ जैसल यानें ११५६ च्या सुमारास हें नगर वसविलें. जेसलमेरला शेती थोडी. त्याचें वैभव वाटेवरचें. सिंधकडून हिंदुस्थानांत येणारे उंटांचे तांडे या नगरावरून जात व त्यांच्या जकातीवर राज्य पोसलें जाई. एकोणिसाव्या शतकांत पटवा घराण्यानें बांधलेल्या पांच हवेल्या त्या संपत्तीची साक्ष देत आजही उभ्या आहेत. पण त्याच शतकाच्या आरंभीं महारावळ मूळराज (दुसरा) याचा दिवाण सालिमसिंह याच्या हातीं सर्व सत्ता गेली. त्याच्या जुलमाचें वर्णन कर्नल टॉड यानें आपल्या राजस्थानच्या इतिहासांत केलें आहे. पालीवाल ब्राह्मण हे या मुलुखांतील कुशल शेतकरी व सावकार. उतारावरून वाहून येणारें पावसाचें पाणी बांध घालून अडवावयाचें आणि त्या ओलीवर गहूं, हरभरा पिकवावयाचा, ही 'खडीन' पद्धति त्यांचीच म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांनीं गांवें सोडलीं. कुलधरा येथील पडक्या घरांच्या रांगा आज प्रवासी पाहण्यास जातात. पाणी आटल्यामुळें ते गेले असें कित्येक विद्वान् म्हणतात. दोन्ही कारणें मिळून घडलीं असणें अशक्य नाहीं. पण दुष्काळ त्या मुलुखास नवा नव्हता. ज्यांनीं थेंब थेंब अडवून शेती केली त्यांस दुष्काळ सोसण्याची विद्या अवगत होती. जुलमी कर सोसण्याची विद्या मात्र कोणाजवळही नसते.

यापुढें समुद्राचा व लोहमार्गाचा काळ आला. मुंबई व कराची हीं बंदरें वाढलीं, माल आगगाडीनें जाऊं लागला आणि उंटांची वाट ओस पडली. वाट गेली तसा व्यापारीही गेला. मारवाड, शेखावाटी व बिकानेर येथील वाणी कलकत्त्यास, हैदराबादेस व आमच्या दक्षिणेंतील खेडोपाडीं जाऊन बसले. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या खतवह्या जाळल्या, तेव्हां ज्यांच्या दुकानांवर तो रोष फिरला त्यांत मारवाडी व गुजर सावकार प्रमुख होते. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांचा जन्मही सीकरजवळचा. या प्रवाशांनीं गांवाकडे पैसा पाठविला. पण त्या पैशाच्या हवेल्या झाल्या, विहिरी झाल्या, धर्मशाळा झाल्या, धंदा झाला नाहीं. ज्या भूमींत पीक बेभरंवशाचें आणि माल नेण्यास साधन नाहीं, तेथें आपलें भांडवल कोण अडकवील?

बिकानेरचे महाराज गंगासिंह (जन्म १८८०) यांना पूर्ण अधिकार १८९८ मध्यें मिळाले, आणि लगेच १८९९-१९०० चा, संवत् १९५६ मुळें 'छप्पनिया' म्हणून ओळखला जाणारा, भयंकर दुष्काळ पडला. कालव्याचा त्यांचा ध्यास या अनुभवांतून बळावला. सतलजचें पाणी मिळविण्यासाठीं पंजाब, बहावलपूर व बिकानेर यांच्यांत ४ सप्टेंबर १९२० रोजीं करार झाला. ५ डिसेंबर १९२५ रोजीं फिरोजपूर येथें पायाभरणी झाली. आणि २६ ऑक्टोबर १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें कालवा सुरू झाला. वाळूंत पाणी मुरूं नये म्हणून हा कालवा चुन्याच्या काँक्रीटनें बांधून काढला होता. त्या काळीं एवढा लांब अस्तराचा कालवा जगांत विरळा. त्याच वर्षीं बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता बिकानेरच्या मुख्य प्रधानपदावर आले, म्हणजे मराठी राज्यांत मुरलेली कारभाराची शिस्त मरुभूमीस उपयोगी पडली.

परंतु आम्हांस विशेष वाटतें तें पाण्याच्या जोडीनें केलेल्या व्यवस्थेचें. जमिनीचे पंचवीस बिघ्यांचे चौकोनी 'मुरब्बे' आंखून दिले. त्यांचे चक बांधले. पंजाबांतील शीख व इतर शेतकरी बोलावून त्यांस जमिनी विकत दिल्या. कित्येक चकांचीं नांवें आजही नुसते आंकडे व अक्षरें आहेत. त्याबरोबर लोहमार्गाच्या कडेनें मंड्या आंखल्या. रामनगर या लहानशा खेड्याजवळ श्रीगंगानगर उभें राहिलें. करणपूर, रायसिंहनगर, गजसिंहपूर या मंड्या त्याच जातीच्या. शेतकऱ्यास पाणी, व्यापाऱ्यास वाट, दोघांसही खात्रीचा हक्क, अशी ही जुळणी होती. आमच्याकडे पेशवाईंत नवी पेठ वसवितांना कौल देऊन कांहीं वर्षें कर माफ करीत, त्यांतही तत्त्व हेंच : व्यापाऱ्यास दान नको असतें, वचन हवें असतें.

या वसाहतीचें दुसरें अंगही सांगितलें पाहिजे. जेथें मुरब्बे आंखले गेले तेथें पूर्वीं गुरें, मेंढ्या व उंट चरत. नव्या पेठेचा लाभ प्रथम त्यास झाला, ज्याच्या हातीं जमीन घेण्यास पैसा होता, धनगरास नव्हे. शिवाय गांव आपलें आणि पाणी परक्या हातीं, ही चिंता राहिलीच. १९४७ च्या फाळणींत फिरोजपूर येथील पाण्याचें मूळ भारतांत राहिलें म्हणून श्रीगंगानगर वांचलें. पुढें बिकानेरचे मुख्य अभियंते कंवर सेन यांच्या १९४८ च्या योजनेंतून राजस्थान कालवा निघाला. १९५८ मध्यें पायाभरणी झाली व पुढें त्यास इंदिरा गांधींचें नांव मिळालें. त्याच्या पाण्यानें पेठा वाढल्या, तशा हनुमानगढकडील कांहीं जमिनी पाणथळ होऊन नापीकही झाल्या.

आज याच मरुभूमींत बाडमेरचें खनिज तेल व फलोदीजवळील भडल्याचें सूर्यशक्तीचें विस्तीर्ण क्षेत्र यांसाठीं उद्योजकांस आवाहन केलें जात आहे. त्यास आमचा विरोध नाहीं. पण ज्या भूमीस सरकारी दप्तरांत 'पडीत' म्हणतात, ती कोणाचें तरी कुरण असते, किंवा देवास सोडलेलें ओरण असतें. कौटिल्यानें जनपदनिवेशाच्या लगेच पुढच्या प्रकरणांत नांगरास न येणाऱ्या भूमीचा विचार केला आहे, आणि तेथें पहिली गोष्ट सांगितली आहे ती पशूंसाठीं कुरणें राखण्याची. जेसलमेरच्या सालिमसिंहानें पहिलें प्रकरण पायदळीं तुडविलें, तों नगराची पत गेली. गंगासिंहांनीं तें पाळलें, तों वाळूंत पेठ उभी राहिली. दुसऱ्या प्रकरणाचें आचरण अद्याप व्हावयाचें आहे. नवे कौल देतांना तें पानही उघडून वाचलें जावें, एवढेंच आमचें मागणें आहे.