फरशी बदलली की भाव वाढतो?

मंडळी, हा प्रश्न हल्ली फार ऐकू येतो. घर विकायला काढायचंय, आधी फरशी बदलून घेऊ का? म्हणजे चार पैसे जास्त येतील. इंटिरियरवाला 'हो' म्हणतो (तो दुसरं काय म्हणणार!), एजंट 'बघा बुवा' म्हणतो आणि घरातली ज्येष्ठ मंडळी म्हणतात की मोझॅक अजून पन्नास वर्षं टिकेल. गंमत म्हणजे यातलं कुणीच पूर्ण चूक नाही. पण उत्तर शोधायला मी फरशीच्या इतिहासात शिरलो आणि थेट भाडेकायद्यात जाऊन पडलो.

आधी अमेरिकेचं सांगून टाकतो, कारण हा प्रश्न नेटवर शोधला की बहुतेक उत्तरं तिथलीच येतात. तिथल्या रिअल्टर लोकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२२ साली एक अहवाल काढला होता. जुनी लाकडी जमीन घासून-पॉलिश करून घेतली तर खर्चाच्या १४७ टक्के वसूल होतात आणि नवी लाकडी जमीन घातली तर ११८ टक्के, असा त्यात अंदाज आहे. वाचून कुणालाही वाटेल, चला, उद्याच गवंडी बोलवू! पण हा घरं विकणाऱ्यांच्याच संघटनेचा अंदाज आहे, आणि आपल्याकडे त्याचा उपयोग न होण्याचं कारण आणखी खोल आहे. शर्विन रोझेन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७४ साली मांडलेली कल्पना अशी, की वस्तूची किंमत म्हणजे तिच्या गुणधर्मांच्या किमतींची गोळाबेरीज. खोल्या किती, बाथरूम किती, शाळा किती लांब, जमीन लाकडी की कार्पेटची.. प्रत्येकाला एक सहगुणक. प्रोग्रॅमर माणसाला हे लगेच पटतं. अडचण एवढीच की मुंबई-पुण्याच्या फॉर्म्युल्यात फरशीचा व्हेरिएबलच कधी डिक्लेअर झालेला नाही :-)

तो का झाला नाही, हीच खरी गोष्ट आहे.

आपल्याकडे पूर्वी जमीन ही बदलायची नव्हे, तर पुन्हापुन्हा करायची गोष्ट होती. शेणाने सारवलेली जमीन दर आठवड्याला नवी. वाड्यांतून चुन्याचा कोबा असे, पायऱ्यांना आणि चौकाला दगड. मग रेल्वे आली. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८७१ साली रायचूरपर्यंत पोचली आणि तिच्या वाटेवर, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, शहाबाद होतं. तिथला करडा-निळसर चुनखडीचा दगड थरांत सुटतो, त्यामुळे फार न तासता लादी निघते. 'शहाबादी' हे गावाचं नाव न राहता फरशीचं नाव झालं ते असं. पुण्यात अजून लोक 'फरशी' म्हणतात तेव्हा डोळ्यांपुढे बहुधा हीच असते. मुंबईकर 'लादी' म्हणतो. (यावरून भांडण नको, प्लीज.)

साहेबाला मात्र दगड पुरेना. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आजही पायाखाली इंग्लंडहून आणलेल्या नक्षीदार लाद्या दिसतात. मिंटनच्या लाद्या म्हणजे तेव्हाचा इटालियन मार्बल समजा. मुंबईतल्या धनिकांनी तेच उचललं. बोटीने आलेली लादी दिवाणखान्यात घातली की आल्यागेल्याला न सांगताच सगळं कळत असे.

याला उत्तर मुंबईतूनच निघालं. १९२२ साली फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्स सुरू केली, कारखाना उरणला. स्वदेशीचे दिवस होते, आयात लादीला तोड द्यायची हा उघड हेतू. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. धातूच्या साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंट ओततात, साचा काढतात, मागून सिमेंटचा थर देऊन दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात मुरवतात. रंग नुसता वर फासलेला नसतो, त्याला जाडी असते. म्हणून गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत ऐंशी-नव्वद वर्षं पाय घासूनही फुलं शाबूत दिसतात. कधी गेलात तर एकदा खाली बघा. मला तरी त्या लादीपुढे आजची चकचकीत टाइल म्हणजे नुसता आरसा वाटते.

आता कायद्याकडे. इथे जरा थांबायला हवं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि १९१८ साली भाडी रोखणारा कायदा आला. तो तात्पुरता होता. दुसऱ्या महायुद्धात तेच झालं आणि मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्यात प्रमाणित भाडं म्हणजे ढोबळमानाने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं ते. हाही तात्पुरताच होता, फक्त त्याची मुदत वाढत वाढत शतक संपत आलं! डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एकेकाळी योग्य असलेला हा भाडेगोठा आता अवाजवी झालाय. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ आली. पण मूळ भाडंच काही दशक रुपये असेल तर त्याचे ४ टक्के किती, ते तुम्हीच काढा.

याचा लादीशी संबंध काय? सगळाच. घरमालकाच्या बाजूने बघा. दहा खोल्यांत नवी लादी घातली तर भाड्यातून तो खर्च निघायला नातवंडं म्हातारी होतील. तो कशाला घालेल? भाडेकरूच्या बाजूने बघा. घर आपलं नाही, पण कुणी काढूही शकत नाही. मग तो आपल्या उंबऱ्याच्या आत खर्च करतो आणि बाहेरच्या जिन्याची कुणालाच पडलेली नसते. जुन्या मुंबईत दाराच्या आत ग्रॅनाइट आणि दाराबाहेर टेकू लावलेली गॅलरी हे दृश्य का दिसतं, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. माणसं बेपर्वा नव्हती. ज्या खर्चाचा परतावा स्वतःला मिळणार तोच खर्च त्यांनी केला.

आणि परतावा म्हणजे रोजचं राहणं. पैशातला परतावा पागडीत होता, पण पागडी ठरायची जागेवर. स्टेशन किती जवळ, कुठला मजला, पुढे की मागे. भाडेहक्क देताना पागडी घेणं १९४७ च्या कायद्याने गुन्हा होता, तरी सगळं शहर त्यावर चालत होतं. २००० पासून नव्या कायद्याने हा व्यवहार मान्य केला. मालकाचा वाटा साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो. म्हणजे भाडेकरूने स्वतःच्या पैशाने घातलेल्या लादीमुळे समजा भाव वाढलाच, तर त्यातलाही वाटा मालकाला! मग कोण मुद्दाम लादीचा भाव वेगळा लावून घेणार?

मालकी हक्काचे फ्लॅट आल्यावर हे बदलायला हवं होतं. १९६० चा सहकारी संस्था कायदा, १९६३ चा मोफा, आणि घर स्क्वेअर फुटावर विकलं जाऊ लागलं. या काळाची फरशी म्हणजे मोझॅक. मार्बलचे तुकडे, सिमेंट, आणि बसवल्यावर चार दिवस घरघरणारं पॉलिशचं मशीन, घरभर राखाडी पाणी. ज्यांनी लहानपणी नवीन फ्लॅटचा ताबा घेताना बघितलंय त्यांना तो आवाज आठवेल. पुढे ऐपतवाल्यांकडे मार्बल आला, आणि २००० नंतर दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइलने सगळ्यांना सपाट केलं. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये ती 'अ‍ॅमेनिटी' म्हणून छापली जायची, दर मात्र एरियाचाच.

सरकारचा हिशेबही तसाच. १९९५ च्या नियमांपासून मुद्रांक शुल्कासाठी जो वार्षिक दरतक्ता निघतो, आपला रेडी रेकनर, त्यात विभाग, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय या गोष्टी मोजतात. वय वाढलं की घसारा. तुम्ही काल फरशी बदलली म्हणून इमारत तरुण होत नाही. मुंबई महापालिकेच्या कायद्यात तर फरशी बदलणं 'टेनंटेबल रिपेअर्स'मध्ये, म्हणजे साध्या दुरुस्तीत मोडतं. हा शब्द मला फार मार्मिक वाटतो. आपण ज्याला सुधारणा म्हणून मिरवतो, ती कायद्याच्या लेखी डागडुजी आहे.

जरा आकडे मांडू. हे उदाहरणापुरते धरलेले आकडे आहेत, बाजारभाव नव्हे. ६०० चौरस फूट कार्पेट, भाव फुटाला १०,००० म्हणजे ६० लाख. फरशीचा खर्च फोडाफोड, मजुरी, मलबा धरून फुटाला २०० म्हटला तर १ लाख २० हजार. म्हणजे किमतीच्या २ टक्के. आता ६० लाखांच्या सौद्यात घासाघीस किती होते? दोन-तीन लाख इकडेतिकडे सहज. इंजिनियरी भाषेत, सिग्नल नॉइजपेक्षा लहान आहे. एवढ्या गोंगाटात 'फरशीमुळेच जास्त आले' हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला चहा पाजावा आणि विषय बदलावा.

मग काहीच फायदा नाही का? आहे. भाड्याने द्यायचं तर घर लवकर उठतं. तुटकी फरशी, पिवळं पडलेलं बाथरूम बघून घेणारा दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्तच भाव पाडून मागतो, ते टळतं. थोडक्यात, वाईट फरशीमुळे किंमत पडते, चांगलीमुळे मात्र फारशी चढत नाही. म्हणून फरशी धड असेल तर विकण्याआधी ती फोडण्यापेक्षा मोझॅकला पॉलिश मारून घेणं मला शहाणपणाचं वाटतं. अमेरिकन अहवालातही नव्यापेक्षा जुनीचं पॉलिशच वरचढ आहे, हे लक्षात आलं का?

एक गोष्ट मात्र गांभीर्याने. फोडायचा त्रास नको म्हणून जुन्यावरच नवी फरशी बसवतात. पन्नास मिलिमीटर मसाल्याचा थर धरला तर चौरस मीटरला साधारण १०० किलो वजन वाढतं, वर टाइलचं वेगळं. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं, सामान वगैरेंसाठी आपलं भारतीय मानक चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतं. म्हणजे त्यातली निम्मी क्षमता फरशीनेच खाल्ली. इमारत चाळीस वर्षांची, गज गंजलेले, आणि सात मजल्यांवर सात बिऱ्हाडांनी हेच केलेलं.. पुढचं लिहवत नाही. अॅडहेसिव्हवर पातळ टाइल बसवणं वेगळं, हे वेगळं.

करासाठी बिलं जपून ठेवा, एवढंच सांगतो. घर विकताना 'सुधारणेचा खर्च' नफ्यातून वजा होतो, पण फरशी सुधारणा की दुरुस्ती, हा वाद तिथेही आहेच. २३ जुलै २०२४ च्या बजेटपासून महागाई निर्देशांकाचे नियमही बदलले. सीएला विचारा, मला नको.

राहता राहिला रीडेव्हलपमेंट. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची. शंभर वर्षांत तिथे कुणी लादी तीनदा बदलली असेल, कुणी पोटमाळा चढवला असेल, कुणी पीएफ काढून भिंतभर टाइल्स लावल्या असतील, आणि कुणाकडे पहिल्या दिवसापासूनची जमीन तशीच असेल. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. सगळ्यांना सारखंच, ५०० चौरस फूट.